तापीच्या खोऱ्यातल्या पाणथळी: नव्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी वाटाड्या

एमएस्सीचा प्रकल्प असो की पीएचडी, वनस्पतिशास्त्राचा किंवा प्राणिशास्त्राचा विद्यार्थी विषय शोधायला लागला की त्याची नजर आधी सह्याद्रीकडे जाते. कास, आंबोली, कोयना. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या मुलामुलींनी आधी आपल्या घराजवळचं पाणी बघावं, असं मला मनापासून वाटतं. या पाण्याबद्दल लिहिलं गेलंय थोडं आणि ते बदलतंय मात्र झपाट्यानं. रानपिंगळा हा घुबडाच्या कुळातला पक्षी नामशेष झाला असं जग धरून चाललं होतं. ११३ वर्षांनी, १९९७ च्या नोव्हेंबरात, तो पुन्हा सापडला तो शहाद्याजवळच्या जंगलात. दिवसा हिंडणारा, फांदीवर उघडा बसणारा पक्षी इतकी वर्षं नोंदीबाहेर राहतो, तर गाळात उगवणारी लव्हाळ्याची एखादी जात किंवा सातपुड्याच्या नाल्यातला बोटभर मासा नोंदीबाहेर असेल यात नवल नाही.

पाणी निवडा

खान्देशात नैसर्गिक सरोवरं नाहीत म्हणून पाणथळीच नाहीत, असा समज कॉलेजातही ऐकू येतो. तो खोटा आहे. भुसावळजवळच्या हतनूर धरणाचा फुगवटा तापी-पूर्णेच्या संगमापर्यंत, चांगदेवपर्यंत पसरतो; थंडीत तिथे चक्रवाक, थापट्या, तलवार बदकं उतरतात. खाली तापीवर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे बंधारे ओळीनं आहेत. नवापूरच्या बाजूला उकाई धरणाचं पाणी आहे आणि अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात नर्मदेचं. वाघूर, गिरणा, बोरी, अनेर, पांझरा, गोमाई या उपनद्यांचे उन्हाळ्यात उरणारे डोह आहेत. पांझरेवरच्या जुन्या फड पद्धतीचे, म्हणजे गावानं मिळून चालवलेल्या सिंचनाचे, बंधारे आणि पाट आहेत. तोरणमाळला हजार मीटरहून अधिक उंचीवर यशवंत तलाव आहे. अडावदजवळ उनपदेवला गरम पाण्याचा झरा आहे आणि त्यातल्या शेवाळावर एखाद्याचं आयुष्यभराचं काम होईल. शहरातही जळगावचा मेहरूण, धुळ्याचा नकाणे आहेच. आणि केळीच्या पट्ट्यात ठिकठिकाणी दिसणारी प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी? त्यांत कोणते जीव कुठून येऊन वस्ती करतात, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो.

यातलं एक पाणी निवडा, फार तर दोन. निवडताना एकच कसोटी लावा: वर्षभर, दर महिन्याला, पदरच्या पैशानं आणि एसटीनं किंवा दुचाकीनं तुम्ही तिथे पोचू शकता का? तोरणमाळ सुंदर आहे, पण तुम्ही पाचोऱ्याला राहत असाल तर पावसाळ्यात दोन महिने तिथली नोंद हुकेल आणि नेमके तेच दोन महिने महत्त्वाचे असतील. गिरणेच्या डोहावर सलग दोन वर्षं दर महिन्याला घेतलेली नोंद ही तीन जिल्ह्यांत फिरून गोळा केलेल्या यादीपेक्षा जास्त टिकते. पुढच्या पिढीला बदल मोजायचा असेल तेव्हा तिला अशीच नोंद लागेल.

प्रश्न बारीक करा

"जळगाव जिल्ह्यातील माशांची विविधता" हा विषय नव्हे, हे नुसतं शीर्षक आहे. विषय असा असावा की त्याचं उत्तर हो, नाही किंवा इतकं असं देता येईल. काही नमुने देतो.

हतनूरचं पाणी हिवाळ्यानंतर उतरू लागलं की काठाचा गाळ उघडा पडतो. काही ठिकाणी शेतकरी त्यावर गाळपेर करतात, काही ठिकाणी तो तसाच राहतो. दोन्हीकडे कोणत्या वनस्पती कोणत्या क्रमानं येतात? पेरलेल्या पट्ट्यात पुढच्या वर्षी पाणवनस्पती परत येतात का? यासाठी महागडं यंत्र लागत नाही. चौकट, वही आणि नियमितपणा पुरतो.

सुलवाडे बंधाऱ्याच्या वर पाणी साचलेलं असतं आणि खाली दरवाजांच्या हिशेबानं वाहतं. वाहत्या, खडकाळ पाण्यात राहणारे लहान मासे वरच्या बाजूला उरले आहेत का? बंधाऱ्यानं नदीचं तळं केलं की मासेमारीच्या टोपलीत काय बदलतं?

तलावातली बेशरम किंवा जलपर्णी यंत्रानं काढली, तर सहा महिन्यांनी तिथे हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया या बुडालेल्या पाणवनस्पती येतात की पाणकणीस पसरतं?

आरोग्य खातं डास मारायला गप्पी आणि गंबुसिया मासे सोडतं. ते सोडलेल्या आणि न सोडलेल्या तळ्यांत देशी लहान मासे आणि बेडकांची पिल्लं यांत फरक पडतो का?

प्रश्न ठरला की तो कॉलेजबाहेरच्या कुणाला तरी एका वाक्यात सांगून बघा. घरात आईला सांगितला आणि तिला कळला, तर तो नीट झालाय.

विषय पक्का करण्याआधी शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात त्या नदीचं, त्या तालुक्याचं नाव टाकून जुने प्रबंध वाचा. जुनी कागदपत्रं वाचताना एक लक्षात ठेवा: १९०६ मध्ये खान्देश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे भाग झाले, पूर्व खान्देश म्हणजे आजचा जळगाव, पश्चिम म्हणजे धुळे, आणि नंदुरबार धुळ्यातून वेगळा निघाला १९९८ साली. त्यामुळे वनस्पतिसंग्रहातल्या जुन्या कागदावर "पश्चिम खान्देश" दिसलं तर ते ठिकाण आज नंदुरबार जिल्ह्यात असू शकतं. कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या फ्लोरात, म्हणजे वनस्पतींच्या सूचिग्रंथात (१९०१ ते १९०८), तर नुसतं "खान्देश" एवढंच येतं. गाव शोधून काढल्याशिवाय "पूर्वी इथे होती, आता नाही" असं लिहू नका.

परवानग्या: वाटतं त्याच्या कितीतरी आधी

अनेर धरण, यावल, गौताळा ही अभयारण्यं आहेत. तिथे संशोधनासाठी जायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि तो अर्ज नागपूरपर्यंत जातो. अभयारण्याबाहेरच्या राखीव जंगलासाठी त्या विभागाच्या उपवनसंरक्षकांना भेटा. विभागाची हद्द जिल्ह्याच्या हद्दीशी जुळेलच असं नाही. तळोदा-अक्कलकुव्याकडचा बराच भाग मेवासी वनविभागात येतो. धरणावर काम असेल तर पाटबंधारे खात्याच्या कार्यकारी अभियंत्यांना पत्र द्या. त्याच पत्रात पाणीपातळीच्या रोजच्या नोंदी मागा. त्यांच्याकडे त्या असतात आणि तुमच्या प्रबंधाला त्या सोन्यासारख्या उपयोगी पडतील. माशांसाठी मत्स्यव्यवसाय विभागाचं जिल्हा कार्यालय आणि त्या पाण्याचा ठेका असलेली मच्छीमार सहकारी संस्था, दोघांनाही सांगा.

अर्ज मार्गदर्शकांच्या सहीनं, विभागप्रमुखांमार्फत जाऊ द्या. नमुने किती आणि कशाचे घेणार ते आकड्यात लिहा. जैवविविधता कायदा, २००२ नुसार गावोगावी जैवविविधता व्यवस्थापन समित्या आहेत. ग्रामपंचायतीत जाऊन समितीला कळवा आणि लोकजैवविविधता नोंदवही बघायला मागा. काही गावांत ती भरलेली असते, काही गावांत कोरी. कोरी असेल तर तुमच्या कामातून ती भरून देता येते.

आधी माणसं, मग नमुने

तुमच्या विषयावरचं पहिलं ज्ञान काठावरच्या माणसांकडे आहे. तापीकाठचे भोई आणि टोकरे कोळी, सातपुड्यातले पावरा, भिल्ल, तडवी, नवापूरकडचे मावची आणि कोकणी. एखाद्या डोहात मरळ कुठे पिल्लं सांभाळते, वाम कोणत्या दगडाखाली बसते, पूर आला की मासा कोणत्या नाल्यात चढतो हे त्यांना पाठ असतं.

पहिल्या भेटीत वही काढू नका. नमस्कार करा, कुणाचे कोण, कुठल्या गावचे ते सांगा, चहा घ्या. वयस्कर माणसाला जिभाऊ, नाना, बाबा म्हणा. बाईंना आक्का किंवा मावशी. अहिराणी येत असेल तर अहिराणीतच बोला. "याले काय म्हनतस, जिभाऊ?" एवढं विचारलंत तरी पुढचं बोलणं मोकळं होतं. धडगावकडे अहिराणी चालत नाही, तिथे पावरी येणारा सोबती लागतो. त्याला दिवसाची रोजंदारी द्या आणि प्रबंधात त्याच्या कामाची नोंद करा. परवानगी दिली तर नावानिशी.

स्थानिक नाव लिहिताना गावाचं नाव, सांगणाऱ्याची बोली आणि माशाचा फोटो क्रमांक सोबत लिहा. वीस-पंचवीस किलोमीटरवर नाव बदलतं, आणि लहान माशाला एक नाव, मोठ्या झालेल्या त्याच माशाला दुसरं, असंही होतं. तीन वेगळ्या माणसांनी स्वतंत्रपणे एकाच माशाला तेच नाव दिलं, की ते पक्कं धरा.

म्हाताऱ्या मच्छीमारांना एक प्रश्न जरूर विचारा: तुमच्या लहानपणी मिळायचा आणि आता जाळ्यात येत नाही असा मासा कोणता? शेवटचा कधी पाहिला? वर्ष आठवत नसेल तर खुणा विचारा. धरण झालं त्याच्या आधी की नंतर, थोरल्या मुलाच्या लग्नाआधी की नंतर. अशा खुणांवरून साधारण दशक बांधता येतं.

औषधी वापराबद्दल माहिती मिळाली तर ती सांगणाऱ्याची आहे हे विसरू नका. छापायची का, हे त्यांना विचारा. नाही म्हणाले तर लिहू नका.

खान्देशी वर्षाचं वेळापत्रक

पुस्तकातले तीन ऋतू इथे पुरत नाहीत. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास पाणी सगळ्यात खाली असतं, उरलेल्या डोहात मासे गोळा झालेले असतात आणि काठाचा गाळ उघडा असतो. जळगाव-भुसावळला तेव्हा पारा ४५ अंशांच्या आसपास किंवा वर असतो, म्हणून काम सकाळी साडेपाच ते नऊ. मृगाच्या पहिल्या पुरात मासे उलट्या दिशेनं चढतात. हा काळ दिवसांत संपतो, त्यासाठी तयारीत राहा. श्रावण ते दसरा सातपुड्यातल्या ओलसर जागांवरच्या वनस्पती फुलतात. गवतं आणि लव्हाळे ओळखायला फूल आणि फळ लागतंच, ते याच वेळी मिळतं. पाण्यात बुडालेल्या वनस्पती पाणी निवळल्यावर, कार्तिकापासून पुढे, चांगल्या दिसतात.

माणसांचंही वेळापत्रक असतं. नंदुरबारच्या डोंगरातली पुष्कळ कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातकडे जातात आणि होळीला परततात. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला, आदिवासींच्या या मोठ्या आठवडी बाजाराला, जरूर जा, पण प्रश्नावली घरी ठेवून.

पाण्याचा नमुना

एक गोष्ट सगळ्यात आधी: वेळ ठरवा आणि ती पाळा. वनस्पतींनी भरलेल्या तळ्यात विरघळलेला ऑक्सिजन पहाटे सगळ्यात कमी असतो आणि दुपारी तीनला भरपूर असतो. जानेवारीचा नमुना सकाळी सातला आणि मेचा दुपारी एकला घेतलात, तर तुमच्या आलेखात दिसणारा फरक ऋतूचा नसून घड्याळाचा असेल.

ऑक्सिजन विंकलर पद्धतीनं मोजणार असाल तर बाटली बुडबुडा न राहू देता भरा आणि मँगनस सल्फेट व अल्कधर्मी आयोडाइड काठावरच घाला. तपकिरी साका आला तर ऑक्सिजन आहे, पांढरा आला तर जवळपास नाही. हे काम प्रयोगशाळेत पोचल्यावर करायचं म्हटलं, तर तोवर ऑक्सिजनचं प्रमाण बदललेलं असतं. तापमान, पीएच, विद्युतवाहकता जागेवरच. नायट्रेट आणि फॉस्फेटच्या बाटल्या बर्फाच्या डब्यात. केळीच्या पट्ट्यात नायट्रेटकडे विशेष लक्ष द्या, कारण तिथे ठिबकातून खत जातं आणि पहिल्या पावसाबरोबर ते नाल्यात उतरतं. पाण्याची पारदर्शकता २० सेंटिमीटर व्यासाच्या काळ्या-पांढऱ्या सेकी तबकडीनं मोजा. तबकडी घरी पत्र्याची करता येते.

वनस्पती

काठावर एक मीटर बाय एक मीटरची चौकट, पाण्यात पीव्हीसी पाइपची तरंगती चौकट. काठापासून आत सरळ दोरी ताणा आणि ठरलेल्या अंतरावर चौकट ठेवत जा. खोली प्रत्येक ठिकाणी मोजा. सोयीची जागा बघून चौकट टाकलीत तर पुढचं सगळं गणित वाया.

नमुना घेताना मुळासकट, फुलासकट, आणि दाबला की जे हरवतं ते आधी वहीत: फुलाचा रंग, वास, चीक, पाण्याची खोली. बुडालेल्या वनस्पती हवेत आणल्या की गोळा होतात. त्या पसरट ट्रेमधल्या पाण्यात तरंगू द्या, खालून जाड कागद सरकवा आणि अलगद उचला. पानं पसरलेली राहतात. पावसाळ्यात वर्तमानपत्राचे कागद रोज बदला. बुरशी आलेला नमुना कुणी तज्ज्ञ हातात घेणार नाही.

ओळख अडली तर पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, आघारकर संशोधन संस्था आहे, मुंबईला सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लाटर हर्बेरियम आहे. आधी पत्र पाठवा, स्वतः ओळखायचा प्रयत्न करून कुठे अडलात ते लिहा, मग जा. तिथले लोक मनापासून मदत करतात. फोनमधल्या ॲपनं सांगितलेलं नाव हा फक्त शोधाचा पहिला धागा धरा.

मासे

शक्यतो स्वतः जाळं टाकू नका. मच्छीमारांच्या टोपलीतून नोंदी घ्या. ते रोज टाकतात, त्यांना जागा कळतात आणि तुमच्यासाठी वेगळा जीव मारावा लागत नाही. फक्त प्रत्येक वेळी जाळ्याचा प्रकार, आसाचं (भोकाचं) माप, लांबी आणि ते किती तास पाण्यात होतं हे विचारून लिहा. हे नसेल तर "मासे कमी झाले" या वाक्याला आधार राहत नाही. रिकाम्या जाळ्याचीही नोंद हवी.

बाजारातल्या माशावरून नदीची यादी करू नका. जळगाव-भुसावळच्या बाजारात आंध्रातून बर्फात आलेला कटला-रोहू असतो. मासा कुठल्या पाण्यातला, हे पकडणाऱ्याकडून कळलं तरच तो धरा. आणि नदीतही कटला, रोहू, मृगल दिसले तर ते मूळचे गंगा खोऱ्यातले. धरणांत दरवर्षी त्यांची बोटुकली सोडली जाते. किती सोडली याचे आकडे संस्थेकडे मिळतात. चिलापी, सायप्रिनस आणि बंदी असलेला आफ्रिकन मागूर या परदेशी माशांची वेगळी नोंद ठेवा. देशी आणि बाहेरचे एकत्र मोजून काढलेला विविधतेचा निर्देशांक फुगलेला दिसतो, पण नदीची तब्येत त्यातून कळत नाही.

ताज्या माशाचा फोटो डाव्या कुशीचा, पंख पसरून, बाजूला मोजपट्टी ठेवून. रंग तासाभरात जातो. डीएनए करायचा असेल तर पंखाचा तुकडा फॉर्मलिनच्या आधी शुद्ध इथेनॉलमध्ये. त्यानंतर मासा १० टक्के फॉर्मलिनमध्ये, म्हणजे बाजारातल्या तीव्र फॉर्मलिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ. मोठ्या माशाच्या उजव्या कुशीला पोटाशी चीर द्या, नाहीतर आतून कुजतो. आठवड्यानं धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये. हातमोजे घाला, उघड्यावर काम करा; फॉर्मलिननं कर्करोग होऊ शकतो. एका जातीचे एक-दोन नमुने पुरतात.

तीन बाटल्या म्हणजे तीन नमुने नव्हेत

प्रबंधाची पकड इथे ठरते, म्हणून सावकाश वाचा. एकाच घाटावर उभं राहून तीन बाटल्या भरल्या तर तो एकच नमुना तीनदा मोजला. एका बंधाऱ्याच्या वरची आणि खालची बाजू तुलना केली तर तुम्हाला त्या एका बंधाऱ्याबद्दल कळलं. "बंधाऱ्यांचा तापीवर परिणाम" असं म्हणायचं तर सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा तिन्ही हवेत. जलपर्णी काढल्याचा परिणाम बघायचा तर न काढलेलं दुसरं तळंही तेवढेच महिने मोजायला हवं, नाहीतर दिसलेला बदल पावसाचा असू शकतो. संख्याशास्त्र कळणाऱ्या माणसाला पहिला नमुना घेण्याआधी भेटा. सगळी माहिती गोळा झाल्यावर गेलात तर तो फक्त हळहळू शकतो.

विविधतेचा शॅनन निर्देशांक सगळे काढतात म्हणून काढू नका. तुमच्या प्रश्नाला तो उत्तर देतो का ते बघा. आर आणि पास्ट ही संख्याशास्त्राची सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि एमएस्सीला पुरून उरतात.

वही पेन्सिलीनं लिहा, पाण्यात शाई जाते. तारीख, वेळ, दशांश अंशातले जीपीएस आकडे, हवा, पाण्याची पातळी, सोबत कोण. खोडायचं झालं तर एक रेघ मारा, रबर वापरू नका. त्याच संध्याकाळी पानांचे फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा.

जीव सांभाळा

एकटं जाऊ नका. पावसाळ्यात हतनूरचे दरवाजे उघडले की खालचं पाणी बघता बघता चढतं. त्या दिवशीचा विसर्ग विचारल्याशिवाय पात्रात उतरू नका. उघड्या पडलेल्या गाळाला वरून पापुद्रा येतो आणि पाय मांडीपर्यंत जातो, म्हणून काठी टोचत चाला. होडीत किंवा ट्यूबवर बसताना लाइफ जॅकेट. काठच्या गवतात साप असू शकतो, तेव्हा गमबूट. साप चावला तर १०८, आणि थेट रुग्णालय.

पैसे, छपाई, नमुन्यांचं घर

नेट-जेआरएफ मिळाली तर उत्तम. नाहीतर बार्टी, सारथी, महाज्योती, टीआरटीआय या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. पैसे घेऊन आठवड्यात छापणाऱ्या नियतकालिकांत लेख देऊ नका, कितीही घाई असली तरी. चांगल्या नियतकालिकातली एका जातीची नीट नोंद त्यापेक्षा मोलाची.

नमुने कपाटात ठेवून कॉलेज सोडू नका. वनस्पती मान्यताप्राप्त हर्बेरियमला आणि मासे भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या पुण्याच्या केंद्राला देता येतात का ते काम सुरू असतानाच विचारा. मिळालेले क्रमांक प्रबंधात छापा, म्हणजे पन्नास वर्षांनी कुणालाही तुमची ओळख तपासता येईल.

प्रबंध जमा झाला की चार-सहा पानांचा मराठी सारांश काढा: माशांचे, वनस्पतींचे फोटो, गावात चालणारी नावं, पाण्याचे आकडे. एक प्रत ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीला, एक मच्छीमार संस्थेला, एक गावातल्या शाळेला. ज्यांनी माहिती दिली त्यांना काठावर जाऊन ती वाचून दाखवा आणि चुकलेली नावं तिथेच दुरुस्त करून घ्या.